व्हीनसच्या पायाशी ससे

११ एप्रिल १६३४, सकाळी सव्वाआठ. चित्रात प्रेमदेवता व्हीनसभोवती तेवीस बाळदेव नाचत होते आणि तिच्या पायाशी दोन ससे होते. बाल्टेनने सुरी पहिल्यांदा खुपसली ती सशांत.

साखरेच्या कारखान्याचा हा मालक शयनगृहातले चित्र चौकटीवरून ओरबाडून अँटवर्पच्या भर बाजारातून चित्रशाळेत घेऊन आला होता. लग्नात त्याने ते पलंगासमोर टांगण्यासाठीच करवून घेतले होते. गुटगुटीत बाळे डोळ्यांसमोर असली की पोटातले मूल तसेच घडते, असे शहरातल्या सुइणी सांगत. गरोदर बाईने ससा पाहिला तर पोराचा ओठ सशासारखा फाटतो, हेही त्याच सांगत. काल त्याची बायको डिग्ना बाळंत झाली. मुलाचा वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला होता.

"नऊ महिने ती हेच बघत झोपली! कुणी काढले ससे?"

"ससा व्हीनसचाच प्राणी, मालक," चित्रशाळेचा उस्ताद लीव्हेन म्हणाला. "वंश वाढावा म्हणून..."

बाल्टेनने त्याचे डोके भिंतीवर आपटले.

"हात कुणाचा ते सांग."

माणसे लीव्हेन रंगवी, जनावरे गोमार. लीव्हेनने रक्ताळलेले बोट कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याकडे केले.

"वा, उस्ताद! सही करताना बरा एकटाच होतास," गोमार म्हणाला.

बाल्टेनने त्याला गचांडी धरून ओढले आणि त्याचे उजवे मनगट रंग वाटायच्या पाट्यावर दाबले.

"माझ्या पोराचं तोंड फाडलंस, म्हाताऱ्या. हा हात मी ठेवत नाही."

"साठाव्या वर्षी दुसरं काय आहे माझ्याकडे? गळा काप हवा तर. हात सोड."

सुरी खाली आली. गोमारने हिसका दिला. मनगट सुटले, दोन बोटे पांढऱ्या रंगात पडली. डाव्या हाताने त्याने वरवंटा उचलला आणि बाल्टेनच्या तोंडावर हाणला.

बाल्टेन खाली बसला. लीव्हेनने फेकलेल्या ओल्या फडक्याने त्याने रक्त पुसले, तशा भिजलेल्या मिशा दुभागल्या. नाकापासून ओठापर्यंत एक जुनी, पांढरी, सरळ शिवण होती. दोन्ही बाजूंना सुई टोचल्याच्या खुणा.

गोमार हात काखेत दाबून त्या शिवणीकडे बघत राहिला.

कुणी काही विचारले नव्हते. तरी बाल्टेन म्हणाला, "लहानपणी जिन्यावरून पडलो होतो. आई सांगायची."

"जिन्यानं ओठ इतका सरळ फाटत नाही. टाके कुणी घातले?" गोमारने विचारले.

"मला काय आठवणार? मी पाळण्यात..."

वाक्य तिथेच राहिले. त्याचे बोट शिवणीवर गेले. मग त्याने सुरी पाट्यावर ठेवली.

"पोराला दूध ओढता येत नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग इथं काय करतोयस? चमच्यानं पाज जा. आणि शिवणारा शोध."

मेअखेरीस बाळाच्या ओठाला टाके पडले. गोमारच्या उजव्या हाताला तीन बोटे उरली.