हाडाचं कलम

सिंधुबाईनं डॉक्टरबाईंच्या हातातला प्लॅस्टिकचा पाठकणा सरळ काढून घेतला आणि मांडीवर आडवा ठेवला. नवऱ्यानं, बिरूनं, डोळे वटारले. तिनं तिकडं बघितलंच नाही. बारामतीच्या त्या दवाखान्यात आल्यापासून बाई जे सांगत होत्या ते बिरूला सांगत होत्या, आणि पाठ मोडली होती ती हिची.

"मला दावा," ती म्हणाली. "माजं कुठलं?"

बाईंनी खुर्ची तिच्याकडं वळवली. खालून दुसरा सांधा. कमरेतला चौथा मणका पाचव्यावरून पुढं घसरलाय, मधली गादी झिजून गेलीय, नस दाबली जाते, म्हणून पायात कळ उतरते. ती गादी काढायची, तिथं हाडाचे तुकडे भरायचे, मणके पेच आणि सळयांनी बांधायचे. पुढं दोन्ही मणके मिळून एकच हाड होतं.

"पेच नुसते आधाराला. खरी जोड हाडाची. अस्थिकलम म्हणतात त्याला."

"कलम?" बिरू दचकला. "पोलिसातलं?"

दाराशी उभी असलेली त्यांची कॉलेजातली पोरगी, स्वराली, फसकन हसली. सिंधुबाई हसली नाही. लासुर्ण्यातल्या रोपवाटिकेत तिनं दिवस दिवस वाकून सीताफळाची कलमं बांधली होती. खुंटावर काडी बसवायची, पट्टी आवळायची, आणि धरेपर्यंत हात लावायचा नाही. तिला विचारायचं होतं ते वेगळंच.

"आन् काडी कुणाची?"

बाई क्षणभर गोंधळल्या, मग त्यांना उमजलं. "तुमचीच. खुब्याच्या वरच्या हाडातनं घेऊ."

"मंग करा. माजंच हाड, माज्याच पाठीला. कुणाचं उपकार न्हाईत."

बिरूनं बापाला विचारायला फोन काढला. तात्याबांचं मत घरात सगळ्यांना पाठ होतं: मणका-बिणका काही नसतंय, बायांना वाकायचा कंटाळा. खुरपायला वाक, शेणाला वाक, चुलीपुढं वाक, आणि उंबऱ्याच्या आत जो जो वडीलधारा पाय टाकील त्याच्यापुढं पदर घेऊन वाक. जरा कमी वाकली की माहेरचं वळण काढायचे. जित्या माणसाची रोज अशी घडी घातल्यावर मणका घसरणार नाही तर काय होणार? पण हे त्या घरात कुणी बोललं नव्हतं.

तात्याबांनी फोनवर एकच विचारलं. बिरूनं ते होतं तसं बाईंपुढं ठेवलं.

"त्ये म्हणत्यात, परत वाकंल का ती?"

"आधी हाड धरू दे," बाई म्हणाल्या. "मग बघू."

ऑपरेशन झालं. कमरेला पट्टा लागला. तो असेपर्यंत घरानं तिला वाकण्यातून सोडलं, पण तात्याबा येता-जाता पट्ट्याकडं बघायचे आणि हा निघणार कधी, असं भिंतीला विचारायचे. सिंधुबाई ऐकून घ्यायची. एकच गोष्ट तिच्या मनात घर करून बसली होती: पट्टा निघाला की परत तेच.

शेवटच्या तपासणीला बिरूला सवड नव्हती. दोघी मायलेकीच एसटीनं गेल्या. बाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. दोन मणक्यांमधली फट पांढरी भरून आली होती.

"धरलंय. पट्टा काढा आता. हळूहळू वाका, घाबरू नका."

"बरं," सिंधुबाई म्हणाली. पट्टा सोडून तिनं पिशवीत घातला.

घरी तात्याबांची थोरली बहीण फुलाबाई निमगाव केतकीहून आली होती. बाजेवर बसली होती, पाय सवयीनं पुढं काढून.

"सिंधू, आक्काच्या पाया पड," तात्याबा म्हणाले.

सिंधुबाईनं पदर सावरला आणि उभ्या उभ्या हात जोडले. पाठ ताठ.

सुपारी कातरता कातरता तात्याबा थांबले. "पट्टा तर निघालाय. काय म्हणली डॉक्टरीण?"

"हाड धरलं म्हणली."

"मंग?"

"वाकायचं न्हाय, मामंजी."

"कवापातुर?"

इथपर्यंतचंच तिनं ठरवलं होतं. पुढचं तोंडात येईना. बिरू तिच्याकडं बघायला लागला.

"जन्मभर, आज्जा," चपला काढत स्वराली म्हणाली. मान वर न करता. "मी होते की तितं."

मग खुरपायचं कुणी, असं तात्याबांनी विचारलं. तात्याबा अडकित्ता तिथंच टाकून बडबडत बाहेर गेले.

फुलाबाईनं पुढं काढलेले पाय लुगड्याखाली ओढून घेतले. सिंधुबाईचा पदर धरून तिला खाली ओढायला लागली. सिंधुबाई वाकली नाही. गुडघ्यांवर बसली, म्हातारीच्या तोंडाशी कान येईल इतकी जवळ.

"त्या बाईचा पत्ता दे गं मला," फुलाबाई हळूच म्हणाली. "माजी बी पाठ लई वरसं दुकती."