फोटोत न आलेलं

आमच्या पोलादपूरकडे एक्स-रेला फोटो म्हणतात आणि फोटोवर डोळे झाकून विश्वास ठेवतात. कबड्डी खेळताना माझा गुडघा आतून खट्कन वाजला, तेव्हा बाबांनी मला महाडला नेलं. डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही. पण आतलं लिगामेंट फोटोत दिसत नाही, म्हणून धावू नका आणि मुंबईला एमआरआय करून घ्या. बाबांनी पहिलं वाक्य तेवढं घेतलं, बाकीचं तिथेच ठेवून आले.

मग घरी येईल त्याच्यापुढे तो फोटो उजेडात धरायचा कार्यक्रम सुरू झाला. सगळ्यांना हाड अखंड दिसायचं आणि मी नाटकी ठरायचे. शेजारची बयाबाई म्हणाली, कामं नकोत म्हणून पोरगी लंगडते. बाबा हसले. त्या हसण्याचा मला आजही राग येतो.

पोलीस भरती तोंडावर आली होती. मला ती नोकरी हवी होती, दुसरं काहीच नको होतं. गुडघा चालता चालता सरकायचा. शाळेत शिकलेलं मी बाबांना सांगून पाहिलं. हाडाला हाड बांधून ठेवतो तो अस्थिबंध, म्हणजेच डॉक्टरांचं लिगामेंट. त्याला रक्त कमी मिळतं, म्हणून तुटला की सहजी जुळत नाही. हाड, कूर्चा, रक्तसुद्धा, या सगळ्या संयोजी ऊती, शरीर जोडून ठेवणाऱ्या.

"हाड शाबूत हाय गो," बाबा म्हणाले. "गुमान धाव."

रोज सकाळी आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर मी पुढे आणि मोटरसायकलवर ते मागे.

भरतीच्या मैदानात शेवटच्या वळणावर गुडघा निसटला आणि मी तोंडावर पडले. बाकीच्या मुली बाजूने निघून गेल्या.

त्यानंतर एमआरआय झाला. मुंबईच्या डॉक्टरांनी बाबांना समोर बसवून सांगितलं, लिगामेंट पूर्ण तुटलंय, तशातच धावत राहिल्याने सांध्यातली कूर्चा, हाडांमधली गादी, झिजलीय. वेळेवर आला असतात तर मुलगी धावली असती. आता ऑपरेशन केलं तरी पोलिसातलं धावणं विसरा. बाबांनी मान खाली घातली. त्यांना सगळं समजलं, मी बघत होते. एसटीत मला उलट त्यांचीच कीव आली.

दारात बयाबाई उभीच होती. डॉक्टर काय म्हणाला, तिने विचारलं.

"काय नाय," बाबा म्हणाले. "हाडं चांगली हायत. पोरीचाच दम कमी पडला."