काचेसमोर

शिंप्याने टाकीच्या तळातून लालसर काहीतरी जाळीने उचललं आणि तळहातावर घेतलं. रिकामं टरफल होतं.

"कात टाकलीय," तो म्हणाला. "वाढीला लागल्या की कोळंब्या कात टाकतातच."

लेक बॅग भरत होती. तिने मान वर केली नाही.

माहेरी येताना ती या बारक्या कोळंब्या बरणीतून घेऊन आली होती. घरात टाकी एकच, तीत शिंप्याचा 'बेटा' जातीचा निळा मासा. दुकानदाराने तो फायटर म्हणूनच विकला होता. लेक नको नको म्हणत होती. शिंप्याने समजावलं, आत झाडी दाट आहे, थोडे दिवस बिचकतील, मग रुळतील. परत सासरी जाण्याबद्दलही तो हेच सांगत आला होता. जावई तोंडाचा गोड, शिंप्याला कधी उलट बोलला नाही.

रोज तो टाकीसमोर उभा राहून बघायचा. मासा डौलात काचेपाशी यायचा. कोळंबी शेजारून गेली तरी ढुंकून बघायचा नाही. अगदी गाय आहे, शिंपी म्हणायचा.

आज एकही कोळंबी दिसेना. त्याने झाडी बाजूला सारली, दगड उचलला. खाली एक सापडली. अर्धीच.

"मी तर याला कधी त्यांच्या अंगावर जाताना बघितलं नाही."

"तुम्ही आलात की खायला मिळतं त्याला," लेक म्हणाली. "तुम्ही समोर असता तेव्हा तो तुमच्याकडेच बघतो, बाबा."

उकाड्यातही तिच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. तिने सांगितलं म्हणून शिंप्यानेच त्या लांब शिवल्या होत्या. कशाला, ते विचारलं नव्हतं.

बेल वाजली. जावई आला, हसला, सासऱ्याच्या गुडघ्यांची चौकशी केली. म्हणाला, तिचं डोकं जरा तापट आहे, तिचं बोलणं मनावर घेऊ नका.

"तुमच्यासमोर कधी आवाज तरी चढवलाय का मी?"

जाळीतलं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"नाही चढवलात," शिंपी म्हणाला. "माझ्यासमोर नाही."

त्याने जाळी खाली ठेवली, लेकीची बॅग उचलून आत नेली आणि एकेक कपडा कपाटात लावू लागला.