पेराखालचा काप

माझ्या साडूला जगातलं सगळं कळतं. माझी बायको गेल्यावर दीड महिन्याने तो तिची माशांची टाकी मार्गी लावायला आला. चूक माझीच. टाकीतली तिची रोपं एकेक कुजून वर यायला लागली, तेव्हा मीच मेहुणीला फोनवर बोलून बसलो होतो.

त्याने दुकानातून हिरव्या काड्यांची जुडी आणली आणि रबरबँडसकट, जशीच्या तशी वाळूत खुपसली.

"साडूभाऊ, रबर तरी काढा."

"अहो, त्यानेच पकड येते. रोपं लावतोय, खांब नाही."

मग तिची उरलेली, तरंगणारी रोपं त्याने बादलीत टाकली. "हे मेलंय सगळं," म्हणाला. टेबलावरच्या स्वच्छ टॉवेलला हात पुसले, चहा प्यायला आणि गेला. या घरात सध्या कुठला शब्द तोंडातून काढू नये, एवढंही त्याला कळलं नाही.

बादली ओतायला गेलो तर एका काडीच्या पेराला पांढरी मुळं फुटलेली दिसली. केसाएवढी. त्याखालचा देठ काळा, लिबलिबीत. ती सांगायची, "पेराखाली कापायचं. मूळ पेरालाच येतं." मी पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचो, "तुझं गवत तूच काप." मीही असाच दीडशहाणा. साडूला कुठल्या तोंडाने नावं ठेवू?

तिचा भुवयांचा चिमटा टाकीच्या झाकणावरच होता. कात्रीने पेराखाली कापलं, खालची पानं काढली, चिमट्याने काडी वाळूत सरळ रोवली. वर आली. पुन्हा रोवली, पुन्हा वर. बाही खांद्यापर्यंत भिजली. मग आठवलं, तिचा हात पाण्यात नेहमी तिरका जायचा. तिरकी रोवली, चिमटा सैल करून हळूच काढला. राहिली.

पंधरा दिवसांनी साडूचा फोन. "काय, आमची बाग कशी आहे?"

"रबराखाली कुजली. काल काढून टाकली."

"तुमचं पाणीच खराब असणार."

"असेल. पण तुम्ही मेलंय म्हणून बादलीत टाकलेलं, त्यातल्या एकाला दोन नवी पानं आलीत."

"योगायोग हो! रविवारी येऊन बघतो."

"या," म्हटलं. "हात खिशात ठेवून बघा."