मिरचीच्या पाकिटाची पितृबाधा

आमच्या नंदनवन वस्तीतल्या सभागृहाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत लेझरबाबा लेकरांची कपाळं वाचत होते. डाव्या हातानं हनुवटी धरायची, उजव्या हातातलं मॉलमध्ये असतं तसं बिलाचं यंत्र रोखायचं. लाल रेघ थरथरे, टिंग वाजे, लॅपटॉपवर तेरा आकडे उमटत आणि त्यांच्यापुढे ठळक अक्षरात एकच शब्द: पितृबाधा.

"शरीर म्हंजे देवाचं पॅकिंग, माय," बाबा म्हणत. "कोड त्यानं छापला. आपण फक्त वाचून राहिलो."

अंगारा विकत घेऊन पुन्हा आलं की यंत्र गप्प. बाधा गेली.

मी नोकरीवर असताना माझ्या सासूबाई, तुळसाबाई, दीक्षाला तिथं घेऊन गेल्या. दीक्षा तीन वर्षांची. तिला फिट येतात, रोज औषध चालतं. औषधानं बाधा चिडते असं बाबा म्हणाले, आणि सासूबाईंनी बाटली मोरीत ओतली. मला कळलं ते पोर न्हाणीघरात ताठ झाली तेव्हा. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, औषध एकदम बंद कोणी केलं? विचारलं मलाच. आई मी होते.

घरी भिंतीवर धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांची फ्रेम आहे. मी सासूबाईंना तिच्याकडे बोट दाखवलं.

"ते देवाधर्माचं झालं," त्या शांतपणे म्हणाल्या. "हे मशीन होय वं. मॉलमंदी कधी खोटं बोलते का?"

नवी बाटली आणली, पण ती पर्समध्येच ठेवू लागले. बाबा खोटा ठरल्याशिवाय हे औषध घरात टिकणार नव्हतं.

सासूबाईंनी फोनवर काढून आणलेला त्या आकड्यांचा फोटो मी पाहत बसायचे. एकदा भाजी फोडणीला टाकताना भिवापुरी मिरचीचं पाकीट हातात आलं. बारकोडच्या काळ्या पट्ट्यांखाली तेच तेरा आकडे. शेजारची कामिनीही मुलाला बाबाकडे नेऊन आली होती; तिच्याकडे त्याच्या आकड्यांचा फोटो मागितला. तिनं आधी टाळलं. घरातली बाधा शेजारणीला कोण दाखवतं? या लाजेवरच तर बाबाचं दुकान चालत होतं. शेवटी दाखवला. आकडे तेच.

रविवारी मी रांगेत उभी राहिले आणि पाकीट टेबलावर ठेवलं. "आधी याचं वाचा, महाराज."

बाबांनी यंत्र खाली ठेवलं. मी उचललं, दाबलं. टिंग. पितृबाधा.

मागून कोणीतरी फिसकन हसलं. बाबा हात मागे घेत होते. मी त्यांच्या डाव्या मनगटावरची रुद्राक्षाची माळ सरकवली. खाली तसल्याच पाकिटावरच्या पट्ट्यांचा कापलेला तुकडा चिकटवलेला होता. लाल रेघ कपाळावर पडतच नव्हती, मनगटावर पडत होती. बाधा काढायची झाली की माळ पट्ट्यांवर ओढायची.

यात दैवी काही नाही. काळी पट्टी उजेड गिळते, पांढरी परत पाठवते. रुंदी मोजून यंत्र आकडे जुळवतं. शेवटचा आकडा आधीच्यांचा हिशोब तपासतो. पट्ट्या झाकल्या की हिशोब बसत नाही, यंत्र बोलत नाही. एका अमेरिकन तरुणानं समुद्राकाठी वाळूत बोटांनी रेघा ओढल्या, तारायंत्राच्या भाषेतले ठिपके-रेघा खाली लांबवून, तिथून हे सुचलं. दुकानात पहिलं च्युइंगमचं पाकीट वाचलं जायला आणखी पाव शतक गेलं. या आकड्यांत किंमत नसते, नावसुद्धा नसतं. ते दुकानदार आपल्या संगणकात लिहितो. बाबानं तिथं पितृबाधा लिहिली होती.

मला वाटलं, लोक त्याला धरतील. बाबा लॅपटॉप काखेत मारून मोटरसायकलवर निघून गेले. आता नरखेडकडच्या एका गावात बसतात म्हणे. जिन्यात कामिनी म्हणाली, "चार लोकांत पाकीट काहून काढलं वं? घरी सांगाचं ना." सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. औषध मात्र वेळेवर हातात आणून देतात.

दीक्षाला किराणा घ्यायला नेलं की काउंटरवर टिंग वाजतं आणि ती दोन्ही हातांनी कपाळ झाकते.

यंत्र खोटं बोलत नाही, हे खरं. पण त्याच्या तोंडी शब्द कोणी घातला, एवढं तरी विचारा. आणि लेकराचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय मोरीत ओतू नका.