दोन पट्ट्यांच्या मधे

पाहुण्या वादकांनी मऊ गोळ्याची काठी व्हायब्राफोनच्या एका धातूच्या पट्टीवर मारली, नाद विरेपर्यंत थांबले आणि मग शेजारच्या पट्टीवर मारली. मान हलवून त्यांनी काठ्या खाली ठेवल्या.

"तुमचा सूर माझ्या या दोन पट्ट्यांच्या मधे पडतोय," काचेकडे बघत ते म्हणाले.

काचेअलीकडे, मिक्सरच्या खोलीत, ताईने कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर घेतले.

अल्बममधलं हे शेवटचं गाणं. चार भागांचं, आणि इतकं लांब, की सुरू होताना जमलेलं लग्न ते संपेपर्यंत मोडतं, असं ड्रमर म्हणायचा. बाकी सगळं मुद्रित झालं होतं. शेवटच्या भागात तेवढा व्हायब्राफोन राहिला होता आणि त्याचा हट्ट बुवाचा होता. बुवा म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, बॅण्डचा गायक. दाढी वाढवल्यापासून त्याला दुसऱ्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. सगळ्यात वरच्या स्वरावर आपण थांबायचं आणि खाली ती धातूची किणकिण पसरत जायची, हे तो कॉलेजपासून सांगत आला होता. वादक मात्र आता कुठे मिळाला होता.

"एसीमुळे होत असेल," बुवा म्हणाला. "गारठ्याने धातूचा सूर चढतो."

"एवढा नाही चढत."

दोन्ही पट्ट्या एकदम वाजवा, सरासरी काढू, असं ड्रमरने सुचवून पाहिलं. कुणी हसलं नाही.

धातू चढला नव्हता, हे ताईला माहीत होतं. एका कार्यक्रमात बुवाचा वरचा स्वर फाटला, त्यानंतर तिने कीबोर्डच्या मागचं सूर लावायचं बटण केसभर खाली फिरवलं होतं. पुढच्या वर्षी आणखी केसभर. गिटार आणि बास तिच्याकडूनच सूर घेत. त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तेही काही बोलले नाहीत, मुकाट्याने तारा उतरवत राहिले. बुवाच्या हातात वाद्य नव्हतं. स्वर लागतोय, एवढंच त्याला दिसत होतं, आणि त्यातच सगळ्यांना सुख होतं. धातूच्या पट्टीचा सूर असा उतरवता येत नाही, याचा विचार या सगळ्यात कुणी केला नव्हता.

ध्वनिमुद्रकाने मिक्सरवरची नजर न हलवता तोड काढली. पाहुण्यांना त्यांच्या सुरात वाजवू दे, बाकीचं गाणं तो यंत्राने वर उचलून त्यांना जुळवून देईल. मुळात सूर उतरला कसा, हे त्याने विचारलं नाही. ताईला हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली.

बुवा थोडा वेळ दाढी खाजवत राहिला. मग म्हणाला, चालेल.

पाहुण्यांनी एका दमात वाजवलं. शेवटचा भाग सगळ्यांनी उभं राहून ऐकला. बुवाचा आवाज चढत गेला, वरच्या स्वराला भिडला आणि तिथे स्वच्छ थांबला. खाली धातू पसरत गेला.

"बुवा, दहा वर्षांनी लहान झालास की रे," ड्रमर म्हणाला आणि मग त्याने उगाचच बूट बघितले.

"परत लाव," बुवा म्हणाला.

या वेळी तो सोबत गुणगुणू लागला. अर्ध्यापर्यंत दोन्ही आवाज एकच वाटत होते. वरच्या स्वरापाशी त्याचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून नुसता श्वास आला. स्पीकरमधला बुवा गात राहिला. बासवाला वाकून केबल गुंडाळायला लागला. ती मघाशीच गुंडाळून झाली होती.

गाणं संपल्यावर बुवा ताईच्या शेजारी येऊन टेकला. त्याचा हात कीबोर्डच्या मागे गेला. तिथे ओळीने पाच-सहा सारखीच बटणं होती, पण हात चाचपडला नाही. सूर लावायचं बटण चिमटीत धरून त्याने ते आणखी केसभर खाली फिरवलं.

"अल्बमच्या कार्यक्रमाला एवढं लागेल, ताई. तिथे वर उचलायला यंत्र नसेल."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो काचेकडे बघत होता.

"त्यांना तू सांग," तो म्हणाला. "मला नाही जमायचं."

काचेपलीकडे पाहुणे पट्ट्यांवरून मऊ फडकं फिरवत होते. त्यांनी मान वर करून खुशीत विचारलं, कार्यक्रमाच्या दिवशी वाद्य किती वाजता आणून लावायचं?

ताईने त्यांच्याशी बोलायचं बटण दाबलं आणि ते तसंच दाबून धरलं.