डालड्याच्या डब्यातला क्रोटन

मी क्रोटन. फुलं येतात मला, पांढरी, दोऱ्यात ओवल्यासारखी. पण ती पाहायला कोणी थांबत नाही. लोक थांबतात ते पानांसाठी. लाल, पिवळी, हिरवी, एकासारखं दुसरं नाही. आणि थांबावंच, असा मी आहे.

जन्म माझा नागपूरचा. अंजनीबाईंच्या आईनं अंगणातल्या झाडाची फांदी कापून डालड्याच्या डब्यात खोचली, तोच मी. मग छप्पन साली राज्यं वेगळी झाली, नागपूर मध्य प्रदेशातून सुटलं आणि बाईंच्या नवऱ्याची, अंबादासभाऊंची, कचेरी जबलपूरला आली. रेल्वेत जेवणाचा डबा बाईंच्या पायाशी आणि मी मांडीवर.

कमानिया गेटजवळ भाड्याचं घर मिळालं. मागं हातभर अंगण, पण ऊन भरपूर. माझा रंग उन्हावरच चढतो. तरी बाई मला जमिनीत लावेनात. "आज ना उद्या परतच जायचंय. इथं काहून रुजवायचं?" पितळेची भांडीसुद्धा पेटीतच राहिली.

शेजारची दुबाइन म्हणायची, "अंजनी, तुम्हारा तो पौधा भी किराएदार है."

बाई हसत नसत. पण रोज संध्याकाळी तिच्याच ओट्यावर चहाला बसत, आणि तिच्या लेकीचं बाळंतपणही त्यांनीच केलं.

इकडे माझी मुळं डब्यात घुसमटली, पानं गळू लागली. पाणी पिऊन पिऊन डबा गंजला. एक दिवस तळ सुटला. मी कोणाला विचारत बसलो नाही, सरळ खाली जमिनीत गेलो.

काही वर्षांनी भाऊ कचेरीतून येऊन म्हणाले, "नागपूरला बदली हवी त्यांनी उद्या नाव द्या म्हणतात. देऊ?"

"काहून विचारून राहिले? द्या."

बाई लगबगीनं आधी मलाच उचलायला आल्या. वाकल्या, ओढलं. डब्याचा काठ त्यांच्या हातात आला, मी जागचा हललो नाही.

भाऊंनी कुदळ आणली. "उपटू का?"

"थांबा." बाई खालीच बसल्या. माझं कोवळं पान बोटांत धरलं. भिंतीपलीकडून हाक आली, "अंजनी, चाय ठंडी हो रही है."

"आ रही हूँ," बाई म्हणाल्या. उठता उठता भाऊंना म्हणाल्या, "नका देऊ नाव. नागपूरला जाऊ की, पाहुण्यासारखं. आणि ती भांडी काढा पेटीतून."

आता मी भिंतीच्या वर गेलोय. फांदी हवी तर खुशाल न्या, डब्यात लावा. तळाला भोक मात्र मोठं ठेवा.

घर अजून भाड्याचंच आहे. मी नाही.